शून्य शब्दांचा निबंध

चौतीस वर्षं मी वर्ध्यातल्या एका शाळेत मराठी शिकवलं, म्हणजे खरं तर चौतीस वर्षं लाल पेन चालवलं. 'पावसाळ्यातील एक दिवस' मी काही हजार वेळा तपासला असेल. त्या प्रत्येक दिवशी मुलं छत्री विसरली, भिजली, घरी आली आणि आईने त्यांना आलं घातलेला चहा दिला. मी समासात 'कल्पनाशक्ती वाढवा' असं लिहून दहापैकी साडेचार देत आलो. निवृत्तीच्या दिवशी नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी पोचलो, तेव्हा एवढी खात्री होती की आता या जन्मात आपल्या लेखनावर कोणी लाल खूण करणार नाही.

मग भाच्याने वेबसाइट काढली.

माझी बहीण समुद्रपूर तालुक्यात दिलेली आहे. तिच्याकडे कापूस, तूर आणि एकरभर हळद. तीही साधीसुधी नाही, वायगावची. या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिच्यात कुरकुमीन सहा टक्क्यांच्या वर असतं. आमच्या भाटव्यांना, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, हे वाक्य तोंडपाठ आहे. लग्नात, तेरवीत, एसटीत, कोणी विचारलं नसलं तरी ते सांगतात. भाचा नागपूरहून इंजिनिअर होऊन परत आला आणि म्हणाला, व्यापाऱ्याच्या काट्यावर पोती टाकण्यापेक्षा पाकिटं करून थेट गिऱ्हाइकाला विकू.

"मामा, तुमी फक्त लिहून द्या. बाकीचं मी पाहून घेतो."

'तुम्ही फक्त लिहून द्या' हे शब्द ऐकायला मी आयुष्यभर कान देऊन बसलो होतो. २०२३ साली शहाण्णवावं साहित्य संमेलन आमच्या वर्ध्यात भरलं, तेव्हाही मला हे कोणी म्हटलं नाही. तिन्ही दिवस मी तिथे झब्बा घालून हजर होतो. दुसऱ्या दिवशी एका गृहस्थाने "काका, पार्किंग कुठे?" असं विचारलं, तेवढाच माझा सहभाग.

चार दिवस बसून मी अठराशे शब्द लिहिले. विदर्भाच्या काळ्या मातीपासून सुरुवात केली, धाम नदीच्या काठाने पवनारला गेलो, विनोबांना नमस्कार केला, सेवाग्रामला टेकलो, आणि पहिली हळद तिसऱ्या पानावर आली.

रविवारी दुपारी भाचा लॅपटॉप घेऊन आला. मी गोरसपाकाचा पुडा फोडला. पडद्यावर माझं लेखन लग्नाच्या मांडवासारखं सजलं होतं. मागे हळदीचे वाफे, मथळा सोनेरी, परिच्छेद एकेक करून उजवीकडून सरकत येत होते. आणि सगळ्यात खाली एका चौकटीत लाल, गोल, रडका चेहरा.

"हे कोण?"

"हा एसईओचा प्लगइन हाय, मामा. गूगलमधी आपलं पान वर यावं म्हणून हा आधीच तपासून देते."

"मग काय म्हणतो?"

भाचा चुळबुळला. "म्हणते का, पानावर शून्य शब्द हायेत. कमीत कमी तीनशे पायजेत."

शून्य! माझ्या उभ्या नोकरीत मी एकाच मुलाला शून्य दिलं. त्याने कोरा पेपर ठेवला होता, आणि त्यानेही निदान वर नाव लिहिलं होतं.

"अरे, समोर अठराशे शब्द नाचताहेत. याला दिसत नाहीत?"

"त्याले नाई दिसत. तो मोठ्या आलमारीत पाहून रायला. आपलं लेखन पेज बिल्डरच्या पेटीत हाय."

"मग पेटी उघडून पाहा म्हणावं."

"चाबी त्याच्यापाशी नाई ना, मामा."

मला वाटलं पोरगं थापा मारतंय, पण या धंद्यातली रीतच अशी आहे. २००३ साली वेबसाइट चालवायचं वर्डप्रेस आलं, तेव्हा लिहायची खिडकी एकच होती. तिच्यात लिहायचं, बटण दाबायचं, सुटलो. २०१० साली योस्ट द व्हॅल्क नावाच्या एका डच माणसाने या खिडकीत डोकावणारा प्लगइन काढला आणि दुकानाला मालकाचं द्यावं तसं त्याला स्वतःचंच नाव दिलं. लिहिलेलं वाचायचं आणि लाल, नारिंगी किंवा हिरवा दिवा दाखवायचा, हे त्याचं काम. पुढे लोकांना नुसत्या लिहिण्यात मजा येईना. पानाला झालर हवी, चित्र हलायला हवं, म्हणून पेज बिल्डर आले. त्यांनी मजकूर मूळ खिडकीत न ठेवता आपापल्या खणात ठेवायला सुरुवात केली. कोणी ठेवला तिथेच, पण त्याच्या आजूबाजूला चौकटी कंसांतले एवढे सांकेतिक शब्द भरले की तपासनिसाला मजकूर कुठला आणि कंस कुठला ते कळेना. योस्ट आणि एलिमेंटर नावाचा पेज बिल्डर, या दोन मातब्बरांचं एका पडद्यावर रीतसर बोलणं २०२० साली सुरू झालं. अॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स नावाच्या प्लगइनच्या रकान्यांत लिहिलेलं योस्टला वाचून दाखवायला तर एक तिसराच प्लगइन आहे. आपल्याकडे सोयरीक जुळवायला जसा मधला माणूस लागतो, दोन्हीकडच्या ओसरीवर चहा पिणारा, तसा.

आमच्या घरची जोडी कोणती, ते मी सांगणार नाही. त्यांचं आत्ताच कुठे मिटलंय.

पुढच्या रविवारी भाच्याने असाच एक मधला माणूस आणून बसवला. पेटी उघडली, शब्द मोजले गेले, १८१२. माझा ऊर भरून आला. चेहरा मात्र लालच.

"आता काय झालं?"

"तुमी हळद लिहिलीच नाई म्हणते."

"अरे, अठराशे शब्द हळदीवर आहेत!"

"हळदीवर हायेत, मामा. हळद नाई."

भानगड अशी होती. या प्लगइनला आधी एक मुख्य शब्द द्यावा लागतो, म्हणजे गिऱ्हाईक गूगलमध्ये जे टाइप करेल तो. आमच्या घरात त्यावर आधीच एक बैठक झाली होती. नुसतं 'वायगाव' चालणार नव्हतं, कारण आमच्या जिल्ह्यात वायगाव एकच नाही. हळदीचं ते वायगाव (हळद्या), आणि दुसरं वायगाव (निपाणी). त्यात निपाणी म्हटलं की बाहेरच्या माणसाला तंबाखू आठवते. 'वर्धा' टाकावं तर त्याचीही धास्ती. डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईवर जे चक्रीवादळ आदळलं, त्याचं नाव इंग्रजीत आमच्या गावाच्या नावाला इतकं लागून होतं की पुण्याच्या मावसबहिणीने फोन करून आमच्या घरावरचे टिन उडाले का, हे विचारलं होतं. (त्या नावाचा अर्थ म्हणे गुलाब.) तेव्हा मुख्य शब्द ठरला 'वायगाव हळद'. आता प्लगइन या दोन शब्दांना अगदी अशाच रूपात शोधत होता, आणि मी लिहिलं होतं वायगावची हळद, हळदीचा रंग, हळदीने, हळदीला, हळदीत. पैसे भरले, तर इंग्रजीत शब्दाची बदललेली रूपंही त्याला ओळखू येतात. मराठीतली हळद एका प्रत्ययाने त्याला अनोळखी होते.

हळद या शब्दाला प्रत्यय लागताना त्याचं 'हळदी' होतं आणि याला सामान्यरूप म्हणतात, हे मी आठवीच्या मुलांना सांगून सांगून घसा कोरडा केला. 'हळद ला' असं तोडून लिहिणाऱ्याचा अर्धा गुण न चुकता कापला. एका मुलाने 'शाळा त' लिहिलं, म्हणून त्याला 'शाळेत' पन्नास वेळा लिहायला लावलं. तो आज एका सरकारी कचेरीत आहे, आणि मी गेलो की मला बरोबर पन्नास मिनिटं बाकावर बसवतो.

"तोडून लिहा ना, मामा," भाचा हळूच म्हणाला.

"काय?"

"वायगाव हळद. मंग थोडी जागा सोडाची. मंग 'ने'. त्याले समजते."

मी उठलो. पाणी प्यायलो. भिंतीवर निरोपसमारंभाचं घड्याळ टिकटिकत होतं, त्याच्याकडे पाहवेना.

"अहो, पोराच्या धंद्याचा प्रश्न आहे," स्वयंपाकघरातून आवाज आला. "तुमच्या व्याकरणावर कोणी फोडणी घालत नाही."

मी बसलो, आणि ज्या हाताने चौतीस वर्षं लाल पेन धरलं त्याच हाताने लिहिलं: 'वायगाव हळद ने दूध पिवळे होते.' चेहऱ्याचा लाल रंग जाऊन नारिंगी झाला.

लाज वाटायला हवी होती. वाटलं ते असं की, पेपर कठीण गेला पण पास झालो.

त्या दिवसापासून मी त्या दिव्याचा विद्यार्थी झालो. पहाटे उठून, चहाच्या आधी, लॅपटॉप उघडून चेहरा पाहायचा. वाक्य वीस शब्दांपेक्षा लांब नको, असा त्याचा एक नियम. माझं पवनारचं वाक्य चौऱ्याहत्तर शब्दांचं होतं, त्यात धाम नदीचं वळणसुद्धा वाक्याच्या वळणानेच दाखवलं होतं. त्याचे भेंडीसारखे पाच तुकडे केले. लागोपाठ तीन वाक्यं एकाच शब्दाने सुरू करायची नाहीत, हा दुसरा. ते ठीक, मीही मुलांना तेच सांगायचो. पण तिसऱ्याने माझी विकेट काढली. म्हणे, निदान तीस टक्के वाक्यांत जोडणारे शब्द हवेत, आणि तुमच्यात आहेत शून्य टक्के.

मी मोजले. परंतु अकरा, म्हणून नऊ, किंबहुना चार, तथापि दोन. किंबहुना तर मी केवळ हौसेने घातले होते. तरी शून्य! भाच्याला फोन लावला. तो शेतात होता, मागे पाइपातून पाणी पडल्याचा आवाज येत होता.

"मामा, तो इंग्रजी शब्द शोधून रायला असंन. हाऊएव्हर, देअरफोर असे."

एवढं बोलून फोन कटला. गुणांसाठी माणूस काय करणार नाही? मी दोन तास खपून मराठी लेखात चौदा 'हाऊएव्हर' आणि नऊ 'देअरफोर' इंग्रजी अक्षरांत पेरले. 'वायगाव हळद गुणकारी आहे. हाऊएव्हर, ती कपड्यांना लागल्यास डाग पडतो. देअरफोर, जुने कपडे घालावे.' टक्केवारी चढू लागली. पंचवीस, अठ्ठावीस, एकतीस! हिरवी ठिपकी उमटली. मी बायकोला उठवून दाखवली.

संध्याकाळी भाचा आला, त्याने ते वाचलं आणि डोक्याला हात लावला. साइटची भाषा त्यानेच इंग्रजी ठेवली होती, म्हणून प्लगइन माझ्या मराठीला इंग्रजीच्या पट्टीने मोजत होता. भाषा मराठी केली, तशी जोडणाऱ्या शब्दांची तपासणी यादीतून नाहीशीच झाली.

"आता किती टक्के?"

"मराठीसाठी ते तपासतच नाई, मामा. टेन्शन खतम."

मला मात्र ते लागलं. तेवीस शब्द पेरून हिरवा दिवा आणला, आणि आता म्हणे ही परीक्षाच रद्द! शिवाय ते तेवीस शब्द उपटायला परत दोन तास. एक 'देअरफोर' अजून मला सापडलेला नाही. तो आहे एवढं नक्की, कारण एका गिऱ्हाइकाने कळवलंय.

याच दिवसांत मजकूर पेज बिल्डरच्या पेटीतून काढून वर्डप्रेसच्या नव्या संपादकात, त्या २०१८च्या गुटेनबर्गात हलवावा असं भाच्याच्या मनात आलं. तिथे प्रत्येक परिच्छेद हा एक ब्लॉक असतो. त्याने घरी जेवताना सहज सांगितलं, "मामाचे सतरा ब्लॉक निंगाले." रात्री साडेनऊला बहिणीचा रडत फोन. मी काही बोलायच्या आत भाटव्यांनी फोन घेतला.

"सर, घाबरू नका. सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवाचं का सावंगीच्या, एवढं फक्त सांगा. गाडी घेऊन निंगतोच."

"भाऊजी, ते ब्लॉक लेखातले आहेत."

"असू द्या ना जी. सतरा म्हणजे गमतीचं काम नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते डबा घेऊन आलेच. आले तसे त्यांना फोटोंच्या कामाला लावलं. प्रत्येक फोटोला एक छुपं वर्णन द्यावं लागतं. ज्यांना दिसत नाही त्यांना फोनमधला आवाज ते वाचून दाखवतो, अशी मुळात चांगली सोय. पण प्लगइनला त्यातही मुख्य शब्द हवा असतो. भाचा घाईत होता, त्याने सगळीकडे एकच चिकटवला. बैलजोडीच्या फोटोला 'वायगाव हळद'. कढईला 'वायगाव हळद'. भाटव्यांच्या फेट्यातल्या फोटोलाही तेच. फोनच्या त्या आवाजात त्यांनी स्वतःचा फोटो ऐकला, जरा गप्प बसले आणि म्हणाले, "सहा टक्क्याच्या वर हाय म्हणा."

इथे थांबलो असतो तर बरं होतं. पण गुणांची चटक लागली की एक शिकवणी पुरत नाही. भाच्याच्या एका मित्राने सांगितलं की दुसरा एक एसईओचा प्लगइन आहे, तो दिवा दाखवत नाही, सरळ शंभरपैकी गुण देतो. शंभरपैकी गुण म्हटल्यावर मी थोडाच ऐकणार? आधीचा न काढता दुसराही बसवला. पहिल्या झटक्यात ६१. फर्स्ट क्लास! पुढचे गुण मथळ्यात अडकले होते. मथळ्यात एखादा आकडा हवा, एखादा जोरकस शब्द हवा, वाचणाऱ्याच्या मनात काहीतरी हललं पाहिजे. मी लिहिलं: 'वायगाव हळद: ७ थरारक फायदे'. फायदे मला पाचच सुचले. सहावा म्हणून 'रंग पिवळा' असं घातलं, सातवा म्हणून 'वास छान'.

दोन तपासनीस एका पानावर बसले, की पानाला दोन मथळे, दोन वर्णनं आणि दोन-दोन खरे पत्ते लागतात. एका वर्गात दोन वर्गशिक्षक असावेत आणि दोघांनीही हजेरी घ्यावी, तसं. आमचं पान कोणाचं ऐकावं ते न कळून अर्धा दिवस पांढरं पडलं. दुसरा काढला, तरी साइट पांढरीच, कारण मध्ये आणखी एक प्लगइन होता, जो पान लवकर उघडावं म्हणून कालचंच पान जपून ठेवतो. भाचा दुरुस्त करायचा, तो कालचं दाखवायचा. "कॅशे साफ केला का?" हे वाक्य त्या आठवड्यात आमच्या घरात इतक्या वेळा उच्चारलं गेलं की बायकोने एकदा खरोखर माझं पाकीट रिकामं करून भाजी आणली.

अखेर एका मंगळवारी रात्री सगळे दिवे हिरवे झाले. चेहरा हसला! मी बायकोला समोर बसवून ते पान मोठ्याने वाचून दाखवलं:

"वायगाव हळद म्हणजे काय? वायगाव हळद ही हळद आहे. आमच्या कडे वायगाव हळद मिळते. म्हणून वायगाव हळद आजच घ्या. वायगाव हळद चा रंग पिवळा आहे."

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "कोणत्या इयत्तेतल्या मुलाचं आहे हे?"

धाम नदी गेली होती. पवनार गेलं होतं. विनोबा तर शब्दसंख्येतच गेले.

भाच्याला माझी दया आली. म्हणाला, "मामा, अजून एक पान बाकी हाय. शुद्धतेचं. तिथं तुमी पायजे तो मथळा द्या. मी काई तपासत नाई." मीही हट्टाने एकही आकडा, एकही थरार न घालता, सामान्यरूप ताठ ठेवून मथळा दिला: 'आमच्या वायगाव हळदीत भेसळ नाही'. साधं, स्वच्छ, खरं वाक्य. भाच्याने ते पान प्रसिद्ध केलं, त्याच्या पत्त्याचा क्यूआरचा चौकोन काढला आणि हिंगणघाटला पाकिटं छापायला दिली. पाचशे.

आता इथे जरा गणित आहे. मथळ्यावरून पानाचा पत्ता आपोआप तयार होतो आणि त्या पत्त्याच्या शेपटीत दोनशे खुणाच मावतात. इंग्रजी अक्षराला एक खूण लागते. देवनागरी अक्षराचं आत टक्क्यांच्या चिन्हांत रूपांतर होतं, आणि एकेकाला नऊ खुणा लागतात. काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडला तर तो पायही वेगळा, प्रत्येकी नऊ. 'आमच्या' एवढ्या लहान शब्दाचे चौपन्न होतात. पुढे 'वायगाव' चौपन्न, 'हळदीत' पंचेचाळीस, 'भेसळ' छत्तीस, मधल्या रेघा तीन. एकूण १९२. उरलेल्या आठांत आणखी एक रेघ गेली, सात राहिले, आणि 'नाही'च्या पहिल्या 'न'ला हवेत नऊ.

तर पाचशे पाकिटांवर जो चौकोन छापला गेला, त्यावर फोन धरला की पत्ता येतो: आमच्या-वायगाव-हळदीत-भेसळ.

हे पहिल्यांदा भाटव्यांच्या लक्षात आलं, तेही व्याह्यांच्या घरी.

पत्ता बदलता येतो, पण मग छापलेला चौकोन मुका होतो. जुन्या पत्त्यावरून नव्यावर वाट काढून द्यायची सोय आमच्या प्लगइनमध्ये आहे, पण ती वर्षाला पैसे भरणाऱ्यांना. भाटवे म्हणाले, तेवढ्यात कितीतरी बॅगा युरिया येते. तेव्हा पाकिटं तशीच चालली आहेत, तीनशे वीस संपली, तक्रार एकाचीही नाही. तुमच्याकडे त्यातलं एखादं आलं, तर हळद निर्धास्त वापरा. चौकोनावर फोन मात्र धरू नका.